वैनगंगेतून समुद्रापर्यंत स्वतःची बोट नेता येते का? येते, पण उचलून न्यावी लागते

ब्रह्मपुरीकडचे तीन मित्र विचारून राहिले की वैनगंगेत स्वतःची बोट टाकायची आणि प्राणहिता, गोदावरी असं करत करत बंगालच्या उपसागरापर्यंत जायचं, तर हे जमेल का, कधी निघावं आणि कोणाला विचारावं लागेल. त्यांना एक सेकंडहँड चोवीस फुटी फायबर बोट मिळते आहे, केबिनवाली, आत झोपायची सोय असलेली. मी पवनी तालुक्यातला, घरचा धंदाच डोंग्याचा, वडील घाटावरून लोकं पार करायचे, मी स्वतः पंचवीसेक वर्षं या पाण्यावर आहे आणि हा पूर्ण रस्ता तीन वेगवेगळ्या वर्षी तीन तुकड्यांत केलेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जमेल. पण भाऊ, ती चोवीस फुटी बोट घेऊ नका. आधी हेच बोलून घेऊ, कारण बाकीचं सगळं यावरच उभं आहे. ही नदी बोटीत बसून पार होत नाही, बोट उचलून पार होते. तुम्ही वडसा-ब्रह्मपुरीच्या पुलाखालून निघणार म्हणजे गोसेखुर्द धरण तुमच्या वरच राहिलं, तेवढी एक उचल वाचली, पण खाली कोटगल बॅरेज, मग चिचडोह बॅरेज, मग सिरोंच्याखाली मेडीगड्डा, मग तुपाकुलगुडेम, मग दुम्मुगुडेम, मग पोलावरम आणि शेवटी राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम, अशा मोजून सात ठिकाणी बोट पाण्याबाहेर काढायची आणि पलीकडे टाकायची आहे. हे झाले बांध. त्याशिवाय रेतीची बेटं आणि खडकाचे पट्टे आहेत जिथे उतरून बोट ढकलावी लागते, ते तर मोजणंच सोडून द्या. केबिनवाली बोट मोटारीसकट टनभर तरी भरते, तिला दर वेळी क्रेन लागेल नाहीतर ट्रेलर आणि उताराचा पक्का घाट लागेल, आणि असा घाट या सातपैकी बहुतेक ठिकाणी नाही, नुसती रेती, चिखल आणि वर कच्चा रस्ता.

आमची बोट चौदा फुटी, सपाट बुडाची, अल्युमिनियमची. रिकामी असली की चार माणसं खांद्यावर घेऊन चालतात. मोटार ८ एचपीची, ती एक जण उचलतो. सामान पाठपिशव्यांत, पेटी एकही नाही. हाच हिशोब लावा: चौघांना उचलून दोनशे पावलं नेता आली पाहिजे, नाही आली तर ती बोट या नदीची नाही. सपाट बूड यासाठी की वीतभर पाण्यातही ती तरंगते, टोकदार बुडाची बोट लाटेवर छान चालते पण आपल्याकडे लाट कुठे आहे, आपल्याकडे रेती आहे.

तुमच्या-आमच्या नदीवर हे करून पाहणारे आपण पहिले नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी आर्थर कॉटन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधला, १८४७ ला काम सुरू झालं आणि १८५२ ला संपलं, आणि मग त्याच्या डोक्यात आलं की हिंगणघाट, वर्धा, नागपूरकडचा कापूस बैलगाडीने मुंबईला पाठवण्यापेक्षा नदीतून सरळ काकीनाड्याच्या बंदरात उतरवावा. त्यांनी नदी मोजली तेव्हा वाटेत तीन मोठे खडकाचे अडथळे निघाले, पहिला दुम्मुगुडेमजवळ, दुसरा इचमपल्लीजवळ आणि तिसरा आपल्या अहेरी तालुक्यातल्या देवलमरीजवळ प्राणहितेत. दुम्मुगुडेमला बंधारा बांधला, बाजूने कालवा आणि बोटीसाठी लॉकगेट केले, वर्षानुवर्षं पैसा ओतला. तोवर १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली आणि कापूस तिच्यात चढला, आणि १८७१ ला सरकारने नदीचं काम बंद केलं. मी हे का सांगून राहिलो, तर त्यांनी नदी बोटीच्या मापाची करायला घेतली होती, आणि देवलमरीचा खडक आजही तिथेच आहे. आपण बोटच नदीच्या मापाची घ्यायची.

आता कधी निघायचं. कोजागिरी झाली की पाण्याकडे लक्ष ठेवायला लागा आणि कार्तिक पौर्णिमेच्या आत वडशाहून निघा. त्याआधी पूर असतो, गढूळ पाण्यात खडक दिसत नाही आणि अख्खी झाडं वाहत येतात. त्यानंतर उशीर केला तर पौष-माघात पात्रात धार म्हणून जे उरतं त्यात गुरं चालत पार होतात. मधला जो महिना-दीड महिना आहे तो आपला. पाणी नितळ झालेलं असतं, कडेची रेती कोरडी झालेली असते त्यामुळे मुक्कामाला जागाच जागा, आणि थंडी अजून बोचरी नसते. अडचण एकच, ती खालच्या टोकाला आहे: आपला हा चांगला काळ म्हणजेच आंध्र किनाऱ्यावर वादळाचा काळ, २०२३ चं मिचाँग वादळ ५ डिसेंबरला बापटलाजवळ धडकलं होतं. म्हणून भद्राचलमच्या खाली गेल्यावर हवामान खात्याचं बुलेटिन रोज सकाळी बघायचं, आणि उपसागरात कमी दाबाचा पट्टा असं वाचलं की दोन दिवस गावात थांबायचं, घाई करायची नाही.

पाणी वाढण्याचं भय पावसाळ्यातच असतं असं समजू नका. वर गोसेखुर्दला ३३ दरवाजे आहेत, त्याच्याही वर मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात संजय सरोवर धरण आहे, २०२० च्या ऑगस्ट अखेरीस तिकडून पाणी सुटलं तेव्हा भंडारा, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली सगळीकडे काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलंच आहे. कोरड्या दिवसांतही विसर्ग कमीजास्त होतो. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरतात ना, एवढे गेट अर्ध्या मीटरने उघडले, एवढे क्युमेक्स विसर्ग, ते वाचायला शिका, क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर पाणी आणि क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, एक क्युमेक म्हणजे साधारण ३५ क्युसेक, लोकं दोन्हीची गल्लत करतात आणि मग उगाच घाबरतात नाहीतर उगाच निर्धास्त राहतात. पहिल्या वर्षी मार्कंडा देवस्थानाच्या खाली आम्ही पाण्यापासून दहा पावलांवर तंबू ठोकला, नदी शांत, आकाशात ढग नाही, आणि पहाटे तीनला माझा पुतण्या ओरडला की काका पायाखाली पानी आलं. बोट बांधलेली होती म्हणून राहिली, पण दोन पेट्रोलचे कॅन आणि भांडी गेली. चूक माझीच होती, माझ्या वडिलांनी मला लहानपणीच शिकवलेलं की पाण्याच्या काठावर काडी रोवायची आणि झोपण्याआधी दोनदा बघायची, काडी ओली झाली की उठायचं. तेव्हापासून मी रेतीवर झोपत नाही, दरडीवर चढून झोपतो, कितीही दमलेलो असू द्या.

पाणी वाचणं हे लिहून शिकवता येत नाही पण चार गोष्टी सांगतो. वळणावर बाहेरच्या काठाने खोल धार असते, आतल्या काठाला रेती. समोर पाण्यावर खाली निमुळती होत गेलेली गुळगुळीत जीभ दिसली तर ती वाट, तिच्यातून जा, आणि उलट्या दिशेने टोक असलेली पाचर दिसली, म्हणजे टोक तुमच्याकडे आणि फाटे खाली पसरत गेलेले, तर टोकावर दगड बसलेला आहे. बारीक थरथरणारं पाणी म्हणजे वीतभर खाली रेती. गुरांची वाट दोन्ही काठांवर समोरासमोर उतरलेली दिसली तर तो उतार आहे, म्हणजे चालत पार व्हायची उथळ जागा, तिथे मोटार वर घ्या. आणि दुपारी तीननंतर ऊन पाण्यावरून डोळ्यांत येतं तेव्हा यातलं काहीच दिसत नाही, म्हणून सकाळी सहाला निघा आणि दोनपर्यंत थांबा, दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर झाले तरी खूप झाले. पुढे बसणाऱ्याच्या हातात बांबू द्या आणि तो सतत खोली सांगत राहील असं बघा, आमच्याकडे त्या जागेवर बसणारा गप्प बसला की मी मोटार बंद करतो.

मोटारीचं म्हणाल तर रेती हाच तिचा शत्रू. मोटारीला गार ठेवणारा जो पंप असतो त्यातला रबरी पंखा रेतीने झिजतो, मागून पाण्याची बारीक चूळ पडते ती सारखी बघत राहा, ती बारीक झाली किंवा थांबली की लगेच बंद, नाहीतर इंजिन धरून बसेल. तो रबरी पंखा एक जास्तीचा ठेवा, पंख्याच्या पिना दहा-बारा ठेवा (दगडावर आपटला की पिन तुटते आणि गिअर वाचतो, पिन त्यासाठीच असते), एक जास्तीचा पंखा आणि दोन वल्ही. आमची ८ एचपी संथ चालीत तासाला दोन-अडीच लिटर पेट्रोल खाते, तुम्ही जेवढं मोजाल त्याच्या दीडपट घ्या कारण अहेरी सोडली की काठावर पंप नाही, गावात आत जाऊन कॅनने आणावं लागतं.

जाळ्यांबद्दल एक विनंती आहे, ही माझ्या घरची गोष्ट आहे म्हणून जरा जास्त बोलतो. पात्रात आडवी जाळी लावलेली असतात, वर थर्माकोलचे तुकडे नाहीतर रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसतात. पंख्यात जाळं गेलं की लोकं सुरी काढतात. कापू नका. ते जाळं म्हणजे एखाद्या ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्याच्या, घरचा पूर्ण हंगाम आहे. लांबूनच मोटार उचलून घ्या, वल्ह्याने जाळ्यावरून सरका, आणि जवळपास डोंगा दिसला तर हाक मारून विचारा की दादा, वाट कोणीकडून आहे. तो तुम्हाला पुढच्या दोन कोसांतला एकेक दगड सांगेल, एवढं ज्ञान कोणत्या मॅपमध्ये नाही. आम्ही तर रोज सकाळी मुक्कामाच्या गावातल्या एखाद्या नावाड्याला पुढच्या गावापर्यंत सोबत घ्यायचो आणि त्याची मजुरी, परतीचं भाडं द्यायचो, पूर्ण प्रवासात सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा तो.

चपराळ्याजवळ वर्धा येऊन मिळते आणि तिथून पुढे नदीचं नाव प्राणहिता, साधारण ११३ किलोमीटर, डावीकडे आपला गडचिरोली आणि उजवीकडे तेलंगणा. माझ्या मते पूर्ण रस्त्यातला सगळ्यात सुंदर तुकडा हाच, दोन्हीकडे सागाचं जंगल, पाणी काचेसारखं, आणि माणसाचा आवाज नाही. पण देवलमरीचा खडक मोटारीने करायच्या फंदात पडू नका, आम्ही तिथे सामान काठाने डोक्यावर नेलं आणि बोट दोन दोरांनी, एक पुढून एक मागून धरून, धारेतून हळूहळू उतरवली, अख्खी सकाळ गेली. या पट्ट्यात आणि पुढे गोदावरीत मगरी आहेत, म्हणून अंधारात काठावर मासे साफ करणं, भांडी घासणं हे टाळा.

इथून पुढे तेलुगू लागते, सिरोंच्याकडे तर आपल्या बाजूलाही घरोघरी तेलुगूच. चार शब्द पाठ करा: पडव म्हणजे बोट, लोतु म्हणजे खोली, इसुका म्हणजे रेती, राळ्ळु म्हणजे दगड. "लोतु एंता?" एवढं विचारता आलं तरी समोरचा हाताने दाखवतो.

कालेश्वरमला गोदावरी मिळाली की पात्र एवढं मोठं होतं की पहिल्यांदा छाती दडपते. लगेच खाली मेडीगड्डा, ८५ दरवाज्यांचं बॅरेज, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचे काही खांब खचले. कोणत्याही बॅरेजच्या दरवाज्यातून, तो उघडा दिसला तरी, बोट काढायची नाही, खालच्या बाजूला पाणी जिथे उलटं फिरतं तिथे लाइफ जॅकेट घातलेला माणूसही वर येत नाही. किलोमीटरभर आधीच काठाला लागा, सिरोंच्याकडून ट्रॅक्टर-ट्रॉली ठरवा, ट्रॉलीत तणसाचा थर टाका आणि बोट त्यावर ठेवा. पुढे सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते, तिथे तीन राज्यांची हद्द आहे. त्याखालच्या तुपाकुलगुडेम, दुम्मुगुडेमच्या उचली साध्या आहेत, मालवाहू पिकअप मिळतो, फक्त भाव आधी बोला.

भद्राचलमखाली कुनवरमला शबरी मिळते आणि मग पापीकोंडलूची घळ. डोंगर दोन्हीकडून आत येतात, पाणी खोल आणि वरून शांत दिसतं, आतून फिरत असतं. १५ सप्टेंबर २०१९ ला इथेच कच्चुलूरूजवळ पर्यटकांची मोठी बोट पुरात उलटली आणि कितीतरी माणसं गेली. आपल्याकडेही २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली, पूर नव्हता, वादळ नव्हतं. म्हणून लाइफ जॅकेट ही बोटीत ठेवायची वस्तू नाही, अंगात घालून पट्टे आवळायची वस्तू आहे. घातल्यावर दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढून बघायचं, हनुवटीच्या वर सरकलं तर ढिलं आहे. ज्याला हे पटत नाही त्याला मी बोटीत घेत नाही, सख्खा भाऊ असला तरी.

कागदपत्रांचं. मोटार लावली की ती यांत्रिक नौका झाली, तिला अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ लागतो, म्हणजे नोंदणी आणि तपासणीचा दाखला, आपल्याकडे हे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे आहे. बांध आणि बॅरेजची जागा पाटबंधारे खात्याची, तिथे बोट काढा-घालायला लेखी विचारा. गडचिरोली जिल्ह्यात शिरण्याआधी पोलीस अधीक्षक कार्यालयात अर्ज द्या, त्यात माणसांची नावं, बोटीचा फोटो, कोणत्या तारखेला कोणत्या गावी मुक्काम हे सगळं लिहा, आणि त्याच्या झेरॉक्स वाटेतल्या प्रत्येक ठाण्यात देत जा, अनोळखी बोट नदीतून येताना दिसली की चौकशी होणारच आणि तो कागद हातात असला की दहा मिनिटांत चहा मिळतो. तेलंगणा, आंध्रातही तसंच. २०१६ च्या कायद्यात वैनगंगा-प्राणहिता राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०९ म्हणून लिहिलेली आहे, भद्राचलम ते राजमहेंद्रीचा १७१ किलोमीटरचा तुकडा क्रमांक ४ मध्ये येतो, पण त्यावरून पात्रात खुणा, दिवे, धक्के असतील असं डोक्यात आणू नका, आपल्या भागात त्यातलं काही नाही.

पोलावरमला धरणाचं काम चालू आहे, तिथून बोट जात नाही, घळीतून बाहेर पडायच्या आधीच सामान काढा आणि गाडीने सरळ खाली राजमहेंद्रीला जा. धवळेश्वरमला नदी फुटते, डावीकडे गौतमी, ती यानमकडे जाते, उजवीकडे वसिष्ठा, ती नरसापूरवरून अंतर्वेदीला. आम्ही वसिष्ठा घेतली आणि तुम्हीही तीच घ्या असं म्हणेन, वाटेत गावं जास्त आणि शेवटी अंतर्वेदीला देऊळ, रस्ता, गाडी सगळं मिळतं. इथे आपल्यासारख्या नदीच्या माणसाला एक गोष्ट नवीन आहे, पाणी दिवसातून दोनदा उलटं येतं. भरती-ओहोटीचा फरक मीटर-दीड मीटरचा, पण सहा तास तुम्ही समुद्राकडे जाता आणि पुढचे सहा तास नदी तुम्हाला मागे ढकलते, म्हणून नरसापूरच्या कोळ्यांना वेळ विचारा आणि ओहोटीसोबत निघा, पेट्रोल अर्धं लागतं. भरतीच्या पाण्यात बांधलेली बोट ओहोटीत चिखलावर बसते, दोर लांब सोडा.

मुखाशी रेतीचा दांडा आहे आणि त्यावर लाटा फुटतात. सपाट बुडाची चौदा फुटी बोट त्या लाटेत एका झटक्यात भरते. आम्ही दांड्याच्या आतल्या बाजूला बोट लावली, उतरलो, आणि रेतीवरून चालत पलीकडे गेलो. वैनगंगेचं पाणी मी पवनीहून बाटलीत आणलं होतं, ते तिथे ओतलं, पुतण्या म्हणाला काका खारं लागून राहिलं ना इथलं, आणि आम्ही दोघं बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

परत येताना मोटार आधी गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवा, मीठ आत राहिलं तर महिनाभरात पंप जाम होतो, आणि बोट ट्रकवर चढवायच्या आधी बुडाचे रिव्हेट तपासा, आमचे चार सैल झाले होते आणि आम्हाला ते घरी आल्यावर कळलं. तुमची हलकी बोट ठरली की कोजागिरीच्या आसपास ती पवनीला आणा, दोन दिवस मी सोबत बसतो, सामान भरून चौघांनी उचलायचं आणि रेतीवरून दोनशे पावलं न्यायचं, हे इथेच करून बघू.